भुवया

पाच लाख ऐकून डोळे मोठे करू नका.
शिलिंग आहेत ते, युगांडाचे.
त्यात एक हातानं फिरवायचं लोखंडी यंत्र आलं,
टेबलाच्या कडेला आवळायचं,
दोन पोती शेंगदाणे,
झाकणाचे चाळीस डबे, एक वही,
आणि हे सगळं कुमीच्या बाजारातून घरी आणणाऱ्या
मोटारसायकलवाल्याचं भाडं,
जे अर्जात लिहायचं आम्ही विसरलो होतो.

अर्ज आईनं सांगितला, मी लिहिला.
कुटुंबातील अपंग व्यक्ती: ओपोलोट, वय एकोणीस.
ती व्यक्ती कोणतं काम करू शकते?
इथे आई थांबली.
एक कोंबडी उंबऱ्याशी आली, आत डोकावून परत गेली.
मग म्हणाली, लिही, आसेकेन्ये,
चिंचेखाली बसून पाखरं हाकलतो.

खोटं होतं ते.
माझ्या भावाचे हात त्याचं ऐकत नाहीत,
पाय तर कधीच नाहीत.
पाखरं त्याच्या मांडीवर चढून दाणे टिपतात
आणि त्याला ते आवडतं.

एकोणीस वर्षं तो चिंचेखाली.
येणारे-जाणारे डोक्यावर हात ठेवायचे,
बिचारा, म्हणायचे, देव बघतोय,
आणि तिथेच त्याच्यासमोर बसून
भिंतीसमोर बोलावं तसं सगळं बोलायचे.
कुणाची बकरी खरी कुणाची,
कुणी कुणाला किती देणं लागतो,
कोण कधीच देणार नाही.

यंत्र आलं. आई दांडा फिरवायची,
शेंगदाण्याचा लगदा जाड धारेनं भांड्यात पडायचा,
वासानं शाळेची पोरं वाट वाकडी करून यायची.
गाव उधारीवर खायचं.
मी वहीत लिहायची.
तिसऱ्या महिन्यात वहीनंही तेल पिलं:
पानं पारदर्शक, शाई पसरलेली,
इलुकोलचं नाव ओकुरूतच्या नावावर सांडलेलं.
चाळीस डबे गेले, पैसे सव्वीसांचे.
जो तो म्हणे, मी तर दिले.

आई रडली नाही. दांड्याला फडकं गुंडाळत बसली.
ओपोलोट ओरडायला लागला.
तहान लागली असेल म्हणून पाणी पाजलं,
त्यानं ते माझ्या अंगावर थुंकलं.
चटई बदलली. तरी ओरडतोच.
मी चिडून म्हटलं, मग काय, तुला ठाऊक आहे
कुणाकडे किती राहिले ते?

आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड लागत नाही.
बाजारात, चर्चमध्ये, लग्नाच्या बोलणीत,
भुवया किंचित वर गेल्या की झालं.
त्याच्या गेल्या.

इलुकोल? दोन? तीन?
चार.
वर.
ओकुरूतची बायको? एक?
वर.
ओकुरूत स्वतः, बायकोला न सांगता?
एवढ्या वर की कपाळ संपलं.

चौदा डबे, अंधार पडेपर्यंत, तेरा सापडले.
आता ओकुरूत सायकल हातात धरून
कसाव्याच्या शेताला वळसा घालून जातो.
इलुकोल दुसऱ्या चर्चला जायला लागलाय.
डोक्यावर हात कुणी ठेवत नाही.
येतात, समोर उभे राहतात,
आणि आधी त्याच्या कपाळाकडे बघतात.

काल मदत देणाऱ्या ऑफिसातली नाबिर्ये आली,
नवा कागद घेऊन.
त्याच्यात काय बदल झाला?
दोन ओळींची जागा.
आई म्हणाली, चिडका झालाय.
नाबिर्ये हसली. आत्मविश्वास वाढला, असं लिहू का?
तिनं त्यालाच विचारलं, हे खरं तिचं चांगलं.
भुवया जागच्या जागी.
कुटुंबात स्थान मिळालं?
जागच्या जागी.
मग काय रे, सांग ना?

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला,
मग तिच्या पिशवीकडे,
आणि माझ्या पोटात एकदम गोळा आला.
मागच्या भेटीत, निघताना,
घरी मुलं आहेत म्हणून तिनं एक डबा उचलला होता.
पुढच्या वेळी देते, म्हणाली होती.

चौदावा? मी हळूच विचारलं.

नाबिर्ये पिशवीत पाकीट शोधत होती
तेव्हा आई मान खाली घालून
एकाच शेंगेला बराच वेळ सोलत बसली होती.
कागदावरच्या दोन ओळी तशाच राहिल्या.
सहा हजार, मोजून.